उंचावरून टिपलेले दृश्य खेळण्यातले वाटावे म्हणून टिल्ट लेन्स घ्यावी की संगणकावरच भागवावे?

तिरपी_नजर

नमस्कार. गेले काही महिने मी उंच इमारतींच्या गच्चीवरून खालच्या रस्त्यांची आणि चौकांची छायाचित्रे काढत आहे. कुणीतरी टेबलावर पुठ्ठ्याची घरे, चिमुकल्या मोटारी आणि बोटाच्या पेराएवढी माणसे मांडून ठेवली आहेत, असे पाहणाऱ्याला क्षणभर वाटावे, एवढीच माझी अपेक्षा आहे. माझ्याकडे ३६ मिलिमीटर रुंद सेन्सरचा, २४ मेगापिक्सेलचा मिररलेस कॅमेरा, २४ ते ७० मिलिमीटरची झूम लेन्स आणि एका जुन्या फिल्म कॅमेऱ्याची ५० मिलिमीटर एफ/१.८ लेन्स आहे.

आतापर्यंत मी फोनवरच्या अ‍ॅपमधील आडवा पट्टा वापरून पाहिला. मधला भाग स्पष्ट राहतो आणि वरचा-खालचा भाग धूसर होतो हे खरे, पण मला हवा असलेला आभास काही निर्माण होत नाही. चित्राच्या वर आणि खाली कुणी व्हॅसलीन फासल्यासारखे दिसते, आणि चौकाच्या मधोमध उभ्या असलेल्या घड्याळाच्या मनोऱ्याचे बूड लख्ख व शेंडा धुक्यात, असा विचित्र प्रकार होतो. खरी टिल्ट-शिफ्ट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यावर बसवल्यावर तिरपी करता आणि सरकवता येणारी लेन्स, घेतल्यास हा दोष जाईल असे मला वाटते, परंतु ती लेन्स महाग आणि पूर्णपणे हाताने फोकस करावी लागणारी असल्याने निर्णय होत नाही. लेन्स घ्यावी का, न घेतल्यास संगणकावर नेमके काय करावे, आणि मुळात कोणती दृश्ये या कामाला योग्य असतात, याबद्दल अनुभवी मंडळींनी सल्ला द्यावा ही विनंती.

अंधारखोली

मी बरीच वर्षे पडद्याच्या मोठ्या कॅमेऱ्यावर, म्हणजे काळे कापड डोक्यावर घेऊन काम केलेले आहे, त्यामुळे लेन्स तिरपी करण्याच्या बाजूने माझा ओढा असणार हे गृहीत धरूनच पुढचे वाचावे. तरीही आपल्याला माझे पहिले सांगणे असे की, मनोऱ्याचा शेंडा धूसर होण्याचा दोष लेन्स घेऊन जाणार नाही.

कारण समजून घेतले तर निर्णय सोपा होईल. साध्या कॅमेऱ्यात लेन्स आणि सेन्सर एकमेकांना समांतर असतात, म्हणून स्पष्ट दिसणारे प्रतलही त्यांना समांतर असते. लेन्स तिरपी केली की हे प्रतलही तिरपे होते, आणि लेन्सचे, सेन्सरचे व फोकसचे अशी तिन्ही प्रतले एकाच रेषेवर मिळतात. ऑस्ट्रियाच्या सैन्यातील कप्तान थिओडोर शाइमफ्लुग यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. त्यांचे पेटंट १९०४ सालचे आहे आणि त्याआधी १९०१ मध्ये फ्रान्सच्या ज्यूल कार्पांतिए यांनी तो मांडला होता. गंमत अशी की शाइमफ्लुग यांना आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांतील विकृती दुरुस्त करायची होती, आणि आपण तीच युक्ती उंचावरून घेतलेल्या छायाचित्रात विकृती आणण्यासाठी वापरत आहोत.

निसर्गदृश्ये टिपणारे छायाचित्रकार लेन्स खाली झुकवतात, म्हणजे फोकसचे प्रतल जमिनीवर आडवे पसरते आणि पायापासून क्षितिजापर्यंत सारे स्पष्ट येते. आपल्याला याच्या नेमके उलट करावे लागते, म्हणजे लेन्स वरच्या बाजूला झुकवायची, जेणेकरून ते प्रतल जमिनीला आडवे कापून जाईल आणि जमिनीची केवळ एक अरुंद पट्टी स्पष्ट राहील.

आता मनोऱ्याकडे येऊ. दूरच्या सर्व वस्तूंची प्रतिमा लेन्सच्या मागे जवळजवळ एकाच प्रतलात तयार होते. लेन्स तिरपी असल्याने ते प्रतल सेन्सरशी कोन करते, आणि म्हणून एखादा बिंदू किती धूसर होणार हे तो चित्रात किती वर किंवा खाली आहे यावरूनच ठरते. तो बिंदू मनोऱ्याच्या शेंड्याचा आहे की शेंड्यामागच्या दूरच्या रस्त्याचा, याच्याशी लेन्सला कर्तव्य नसते. थोडक्यात, आपल्या अ‍ॅपमधील आडवा पट्टा हीच चूक करतो आणि कैक पटींनी महाग असलेली लेन्सही तीच करते, फक्त लेन्सचा धूसरपणा दिसायला देखणा असतो.

किती धूसर होईल याचा हिशेबही देतो. लेन्स ८ अंशांनी तिरपी केली आणि अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधील प्रकाशाचे छिद्र, एफ/२.८ ठेवले, तर चित्राच्या मध्यरेषेपासून १२ मिलिमीटर वर, म्हणजे आपल्या सेन्सरच्या वरच्या कडेला, एका बिंदूचा सुमारे ०.६ मिलिमीटर व्यासाचा ठिपका होतो. लेन्सची फोकल लेंग्थ, म्हणजे तिचा पल्ला, ४५ मिलिमीटर असो वा ९०, हा आकडा तोच राहतो. मात्र अ‍ॅपर्चर लहान करून एफ/८ केले की ठिपका ०.२ मिलिमीटरवर येतो आणि खेळण्याचा आभास विरून जातो. म्हणून अशी लेन्स घेतलीच तर ती नेहमी पूर्ण उघडी ठेवूनच वापरावी लागते.

पिक्सेलवेडा

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे, आणि म्हणूनच लेन्स घेऊ नका असे स्पष्ट सांगतो. संगणकावर मनोरा वाचवता येतो, लेन्समध्ये वाचवता येत नाही, एवढे एकच कारण मला पुरेसे वाटते.

सुरुवात एका मूलभूत गोष्टीपासून करतो, कारण बहुतेक जणांचे काम तिथेच बिघडते. धूसरपणा अंतराप्रमाणे वाढला पाहिजे, चित्रातील उंचीप्रमाणे नव्हे. परंतु सपाट जमिनीच्या बाबतीत निसर्ग आपल्याला एक सवलत देतो. जमीन सपाट असेल, तर टेबलावरच्या मांडणीचे जवळून छायाचित्र घेताना जो धूसरपणा येतो तो फोकसच्या रेषेपासून चित्रात वर आणि खाली अगदी सरळ प्रमाणात वाढत जातो. म्हणूनच रिकाम्या मैदानाच्या किंवा रेल्वेच्या यार्डाच्या छायाचित्रावर साधा आडवा पट्टाही चांगला वठतो. हेल्ड, कूपर, ओब्रायन आणि बँक्स यांचा २०१० मध्ये एसीएम ट्रान्झॅक्शन्स ऑन ग्राफिक्स या नियतकालिकात आलेला शोधनिबंध याच विषयावर आहे. चित्रातील धूसरपणाचा चढउतार अंतराच्या चढउताराशी जुळत असला की दृश्य लहान भासते, असे त्यांनी दाखवले.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, मधला भाग रुंद आणि एकसारखा स्पष्ट ठेवून त्याच्या कडेला अचानक धूसरपणा सुरू करणे चूक आहे. स्पष्टता एका रेषेवर असावी आणि तिथून दोन्ही बाजूंना हळूहळू उतरत जावी. आपल्याला जे व्हॅसलीन दिसते ते बहुधा या अचानक बदलामुळे दिसते. दुसरी, जमिनीतून वर उठणारी प्रत्येक वस्तू, मग तो मनोरा असो, झाड असो वा दिव्याचा खांब असो, तिच्या बुडाइतकीच स्पष्ट किंवा धूसर असली पाहिजे, कारण शेंडा आणि बूड कॅमेऱ्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर असतात.

प्रत्यक्ष कृती मी फोटोशॉपमध्ये अशी करतो. सीएस६ आवृत्तीपासून त्यात टिल्ट-शिफ्ट नावाचे तयार फिल्टर आहे, पण मी ते वापरत नाही. मी आधी करड्या छटांचा एक मुखवटा तयार करतो, ज्यात फोकसच्या रेषेवर काळा रंग असतो आणि तो वर-खाली पांढऱ्याकडे सरकत जातो. मग प्रत्येक उंच वस्तू काळजीपूर्वक निवडून तिच्या बुडाशी जी करडी छटा आहे तीच छटा संपूर्ण वस्तूवर भरतो. हे काम कंटाळवाणे आहे आणि सगळा फरक त्यातच आहे. त्यानंतर तो मुखवटा अंतराचा नकाशा म्हणून लेन्स ब्लर या फिल्टरला देतो. गिम्प वापरणाऱ्यांना फोकस ब्लर या फिल्टरने सुरुवात करता येईल. गॉशियन ब्लर मात्र टाळावा. त्यात दिव्यांचे आणि चकाकणाऱ्या काचांचे गोल ठिपके होत नाहीत, सगळ्याचा मऊ लगदा होतो, आणि पाहणाऱ्याला नेमके न सांगता येणारे काहीतरी खटकत राहते.

आणखी दोन बारकावे सांगतो. मनोरा स्पष्ट ठेवून त्याची पार्श्वभूमी धूसर केली की मनोऱ्याचा रंग पार्श्वभूमीत झिरपून त्याच्याभोवती वलय दिसते. त्यावर उपाय म्हणजे मनोरा वेगळ्या थरावर कापून ठेवायचा, खालच्या थरावर त्याची जागा आजूबाजूच्या रंगांनी भरून काढायची, तो थर धूसर करायचा आणि मग मनोरा पुन्हा वर बसवायचा. दुसरे असे की धूसर केलेल्या भागातील सूक्ष्म दाणेदारपणा पुसला जातो आणि तो भाग प्लास्टिकसारखा गुळगुळीत दिसतो. म्हणून शेवटी सबंध चित्रावर अगदी हलका, एकसारखा दाणा टाकावा.

रुळावरची_गाडी

मी छायाचित्रकार नाही. मी रेल्वेच्या लहान प्रतिकृती बनवतो, त्यामुळे आपण ज्याची नक्कल करू पाहता ती मूळ वस्तू माझ्या टेबलावर रोज असते. आमच्या छंदातील लोक आपल्या अगदी उलट धडपड करतात. आमचे खोटे स्थानक खरे वाटावे म्हणून आम्ही वेगवेगळ्या फोकसची अनेक छायाचित्रे एकत्र जोडून समोरच्या सिग्नलपासून मागच्या डोंगरापर्यंत सगळे स्पष्ट करतो, कारण धूसरपणा दिसला की आमचे बिंग फुटते. आपल्याला तेच बिंग फोडून हवे आहे.

धूसरपणा किती असावा हे अंदाजाने ठरवण्याऐवजी प्रतिकृतीच्या प्रमाणावरून ठरवावे असे मी सुचवीन. आमच्यात सर्वांत रुळलेले एचओ प्रमाण १:८७ आहे. समजा अशा मांडणीचे छायाचित्र अर्ध्या मीटरवरून, ५० मिलिमीटरच्या लेन्सने, एफ/४ वर घेतले. इथे अ‍ॅपर्चरचा व्यास साडेबारा मिलिमीटर येतो. आता सगळे ८७ पट मोठे करा, म्हणजे आपली गच्ची आणि आपला चौक मिळेल. अंतर साडेत्रेचाळीस मीटर होते, आणि तोच धूसरपणा प्रामाणिकपणे मिळवायचा तर एक मीटरहून थोड्या मोठ्या व्यासाचे अ‍ॅपर्चर लागेल. असे भिंग खांद्यावर घेऊन कुणी गच्चीवर जात नाही, आणि म्हणूनच ही सगळी लबाडी करावी लागते.

त्याच मांडणीत पाऊण मीटरवर असलेल्या घराच्या एका बिंदूचा ठिपका सेन्सरवर जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरचा पडतो. आपला कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे, म्हणजे चित्राची रुंदी ६००० पिक्सेलच्या आसपास असणार. त्या हिशेबाने हा ठिपका ७५ ते ८० पिक्सेल व्यासाचा होतो. फिल्टरमध्ये त्रिज्या विचारली जाते, म्हणून तिथे ४० च्या आसपासचा आकडा भरावा. अंधारखोली यांनी कडेसाठी ०.६ मिलिमीटर दिला आहे, त्याच्याशी हे चांगले जुळते. बरेच लोक १० किंवा १५ वर थांबतात आणि परिणाम का होत नाही म्हणून कोड्यात पडतात.

पण माझ्या मते धूसरपणा ही या प्रकरणातील निम्मीच बाजू आहे. प्रतिकृतीकडे माणूस वरून पाहतो, टेबलाशी उभा राहून पाहतो, म्हणून कॅमेरा बऱ्यापैकी खाली झुकलेला असावा आणि चित्रात आकाश शक्यतो येऊच नये. माझ्या खोलीत एकच दिवा असतो आणि त्याच्या सावल्या ठळक पडतात, म्हणून ढगाळ दिवसापेक्षा स्वच्छ उन्हाचा दिवस घ्यावा. सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते हवेकडे. दूरच्या वस्तू हवेमुळे फिकट आणि निळसर दिसतात, आणि मेंदूला अंतर सांगणारी ती फार मोठी खूण असते. माझ्या टेबलावर समोरच्या आणि मागच्या घरामध्ये हातभर हवा असते, त्यामुळे मागचे घरही तितकेच रंगीत दिसते. म्हणून पाऊस पडून गेल्यावरची धुतलेली हवा शोधावी, किंवा निदान संगणकावर धुके कमी करणारी पट्टी थोडी सरकवावी. ते केल्याविना नुसता पट्टा फिरवून उपयोग नाही.

विषयांबाबत विचाराल तर रेल्वे, बोटी, बांधकामाची यंत्रे, फलाटावरची माणसे आणि खेळाची मैदाने निवडावीत, कारण यांची खेळणी आपण सर्वांनी हाताळलेली असतात. माणसे इतकी लहान असावीत की चेहरा ओळखू येऊ नये. एखादा चेहरा ओळखू आला, किंवा दुकानाच्या पाटीवरची बारीक अक्षरे वाचता आली, की खेळण्याचे पुन्हा गाव होते. बाहुल्यांवर इतके बारीक रंगकाम कुणी करत नाही, हे मी स्वतःच्या बिघडलेल्या नजरेच्या जोरावर सांगतो.

तिरपी_नजर

सर्वांचे मनापासून आभार. १० आणि १५ वर थांबणाऱ्यांमध्ये मीही होते, हे कबूल करते.

आणखी तीन शंका आहेत. रंग किती गडद करावेत, याबद्दल प्रत्येक ठिकाणी वेगळे वाचायला मिळते. लांब पल्ल्याची लेन्स बरी की रुंद कोनाची? आणि माझ्या एका मैत्रिणीकडे ड्रोन आहे, तर तो चौकाच्या थेट वर नेऊन सरळ खाली पाहत छायाचित्र घेतल्यास परिणाम आणखी चांगला येईल का?

पिक्सेलवेडा

ड्रोनपासून सुरुवात करतो. कॅमेरा थेट खाली पाहत असेल तर संपूर्ण रस्ता त्याच्यापासून सारख्याच अंतरावर असतो, त्यामुळे वरची आणि खालची बाजू धूसर करण्याला कोणताही आधार उरत नाही. तिथे खरे तर रस्ता स्पष्ट आणि सर्वांत उंच छपरे धूसर, किंवा त्याच्या उलट, असे करावे लागेल. ते क्वचितच कुणी करते, आणि म्हणून अशी बहुतेक चित्रे खोटी वाटतात. ड्रोन तिरका ठेवा, साधारण ३० ते ४५ अंश खाली पाहणारा. तो कुठे उडवता येतो याचे नियम आपल्या ठिकाणी काय आहेत तेही आधी पाहून घ्यावे.

रंगांचे म्हणाल तर गडद करावेत आणि निःसंकोच करावेत. खेळण्यांचे रंग डबीतून आलेले असतात.

रुळावरची_गाडी

रंगांच्या मुद्द्यावर माझा विरोध नोंदवतो. स्वस्त खेळणी भडक असतात, चांगल्या प्रतिकृती भडक नसतात. त्यांवर आम्ही मुद्दाम गंज, धूळ आणि काजळी रंगवतो. सर्व रंग सारखेच वाढवले की गवत विषारी हिरवे होते आणि त्वचा नारिंगी होते. लाल, पिवळा आणि निळा एवढेच तीन रंग उचलावेत, हिरवा मात्र थोडा दाबावा. प्रतिकृतींवरचे गवत जवळून पाहिले तर ते पिवळटच असते.

अंधारखोली

फोकल लेंग्थबाबत माझे मत असे की ७० किंवा त्याहून लांब लेन्स बरी. ओलिवो बार्बिएरी हे इटालियन छायाचित्रकार २००३ पासून हेलिकॉप्टरमधून शहरांची अशी छायाचित्रे घेऊ लागले, आणि जपानचे नाओकी होन्जो यांनी मोठ्या आकाराच्या कॅमेऱ्याने याच धर्तीचे काम केले. दोघांची चित्रे पाहिली तर त्यांत समोरचे घर अवाढव्य आणि मागचे चिमुकले असा प्रकार फारसा दिसत नाही. सगळे कसे टेबलावर ओळीने मांडल्यासारखे दिसते.

अर्थात याला दुसरी बाजू आहे आणि ती प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. प्रतिकृतीच्या खूप जवळ जाऊन पाहिले तर समोरच्या वस्तू मोठ्या दिसतातच, त्यामुळे केवळ तर्काने रुंद कोनाच्या लेन्सचाही पक्ष मांडता येईल. परंतु रुंद कोनात आकाश आणि दूरची हवा टाळणे अवघड जाते, उभ्या भिंती खाली निमुळत्या होतात, आणि व्यवहारात चित्र बिघडते.

लेन्स तिरपी करण्याची हौस स्वस्तात भागवण्याचा एक मार्ग आपल्यापाशी आधीच आहे, हे मात्र सांगितलेच पाहिजे. आपली ५० मिलिमीटरची जुनी लेन्स आरशाच्या कॅमेऱ्यासाठी बनलेली आहे. त्या कॅमेऱ्यांत लेन्स बसण्याची कडी फिल्मपासून बरीच दूर असे. निकॉनच्या एफ कडीचे हे अंतर साडेशेहेचाळीस मिलिमीटर आहे आणि सोनीच्या मिररलेस ई कडीचे फक्त १८. मधल्या साडेअठ्ठावीस मिलिमीटरच्या मोकळ्या जागेत तिरके होणारे अडॅप्टर बसू शकते, आणि तरीही अनंतापर्यंत फोकस मिळतो. आपल्या दोन्ही कड्या कोणत्या आहेत ते पाहून त्या जोडीचे टिल्ट अडॅप्टर शोधावे. आपल्या सेन्सरचा कर्ण ४३ मिलिमीटरचा आहे आणि अशा लेन्सचे प्रकाशवर्तुळ जेमतेम तेवढेच असते, त्यामुळे तिरपे केल्यावर कोपरे काळवंडू शकतात. ते कापून टाकावेत.

अडॅप्टरविना, लेन्स हातात धरून कॅमेऱ्यासमोर तिरपी करण्याचीही एक पद्धत आहे. मी ती करून पाहिली आहे आणि कुणालाही तिची शिफारस करत नाही. फटीतून प्रकाश शिरतो, धूळ सेन्सरवर बसते, आणि उंच गच्चीवर एका हातात सुटी लेन्स धरणे हा शहाणपणा नव्हे.

चलचित्र

विषय छायाचित्रांचा आहे, पण चौकाचे दृश्य असल्याने थोडे चित्रफितीबद्दल लिहितो, कारण हालचाल जोडली की हा आभास दुप्पट ठाम होतो असा माझा अनुभव आहे.

लहान वस्तू लवकर पडतात, लवकर वळतात आणि लवकर थांबतात. चित्रपटांत प्रतिकृतींचे स्फोट किंवा बुडणारी जहाजे टिपताना कॅमेऱ्यातील फिल्म मुद्दाम वेगाने फिरवत, म्हणजे पडद्यावर हालचाल संथ होऊन वस्तू अजस्र वाटे. तो वेग प्रमाणाच्या वर्गमुळाने ठरतो. आपल्याला उलट जायचे असल्याने दृश्य तेवढेच वेगवान करावे लागेल. वर आलेले १:८७ प्रमाण घेतले तर वर्गमूळ ९.३ येते, म्हणजे साधारण नऊ ते दहा पट वेग. कॅननच्या काही छोट्या कॅमेऱ्यांमध्ये मिनिएचर चित्रफितीसाठी ५, १० आणि २० पट असे पर्याय होते, त्यांतला मधला या हिशेबात नेमका बसतो.

माझी पद्धत अशी आहे की ट्रायपॉड घट्ट बसवून दर सेकंदाला दोन किंवा तीन छायाचित्रे घ्यायची आणि ती सेकंदाला २५ या गतीने दाखवायची. शटरचा वेग जलद ठेवावा, म्हणजे मोटारी किंचित झटके देत पुढे सरकतात आणि कुणीतरी त्या बोटाने ढकलत असल्यासारखे वाटते. एरवी हा दोष मानला जातो. मुखवटा एकदाच करून सर्व छायाचित्रांवर लावता येतो, कारण कॅमेरा हलत नाही. मात्र धूसर भागातून स्पष्ट भागात येणारी उंच बस मुखवट्याला फसवते. चौकात बसगाड्या फार असतील तर कॅमेऱ्याचा कोन अधिक खाली घ्यावा, म्हणजे बसची उंची चित्रात कमी जागा व्यापते.

तिरपी_नजर

दोन आठवड्यांनी परत आले आहे. लेन्स घेतली नाही. आपण सर्वांनी सांगितल्याप्रमाणे त्याच गच्चीवरून तोच चौक पुन्हा टिपला, मात्र या वेळी रात्रभर पाऊस पडून गेल्यावर सकाळी, ७० मिलिमीटरवर, आकाश पूर्णपणे वगळून आणि सगळे स्पष्ट येईल असे एफ/८ अ‍ॅपर्चर ठेवून. फोकसची रेषा मनोऱ्याच्या बुडावर धरली. मुखवटा करताना मनोरा, सात झाडे आणि अकरा दिव्यांचे खांब एकेक करून निवडले, त्यात एक संपूर्ण संध्याकाळ गेली.

अडतीसची त्रिज्या आधी फारच मोठी वाटली. संपादन करताना चित्र मोठे करून पाहिले तर सगळे वाहून गेल्यासारखे दिसत होते, म्हणून मी घाबरून ती वीसवर आणली. मग चित्र लहान करून पडद्यापासून दूर उभी राहिले, तेव्हा वीसचे चित्र नुसते हललेल्या छायाचित्रासारखे दिसले आणि अडतीसच्या चित्रात मोटारी उचलून खिशात टाकाव्याशा वाटल्या. घरातल्या एका लहान मुलाने ते पाहून "ही गाडी कुणाची?" असे विचारले, यापेक्षा मोठी पावती मला नको आहे.

रंगांच्या बाबतीत दोन्ही प्रकार करून पाहिले. सर्व रंग गडद केलेली प्रत पहिल्या नजरेत अधिक आवडते, पण हिरवा दाबलेली प्रत अधिक वेळ पाहवते, त्यामुळे ती ठेवली. एक दोष मात्र जाता जात नाही. चौकाच्या मागच्या बाजूला पाच मजली इमारत आहे. तिच्या बुडाची करडी छटा सबंध इमारतीवर भरली, तरी तिची गच्ची उगाच जवळ आल्यासारखी दिसते. असे का होत असावे?

पिक्सेलवेडा

त्या इमारतीची समोरची भिंत आणि गच्ची ही दोन वेगळी प्रतले आहेत. भिंतीला बुडाची एकच छटा बरोबर आहे, परंतु गच्ची आडवी असल्याने ती मागे मागे जात असते. म्हणून गच्चीच्या पुढच्या कठड्यावर भिंतीचीच छटा ठेवून तिथून मागच्या कठड्यापर्यंत छटा हळूहळू पांढऱ्याकडे न्यावी लागेल. जमिनीवर जेवढी खोली त्या इमारतीने व्यापली आहे, तेवढाच फरक गच्चीवरही दिसला पाहिजे. शेजारच्या रस्त्यावर इमारतीच्या मागच्या कोपऱ्याशी कोणती छटा आहे ते पाहा आणि तीच गच्चीच्या मागच्या कठड्याला द्या. गच्चीवर पाण्याची टाकी असेल, तर ती जिथे टेकते तिथली छटा पूर्ण टाकीवर भरा.